मॉन्युमेंट व्हॅली घरच्यांसोबत: नावाहो भूमीतल्या चार दिवसांची आखणी

अमेरिकेत लेकाकडे किंवा लेकीकडे आलेल्या आई-बाबांना घेऊन निघालेली मराठी कुटुंबं बहुतेक वेळा एकच चक्कर मारतात: लास व्हेगास, ग्रँड कॅन्यन आणि परत. मॉन्युमेंट व्हॅली, म्हणजे अॅरिझोना-युटाच्या सीमेवरची लाल सुळक्यांची दरी, त्यात 'जमलं तर बघू' म्हणून शेवटी चिकटवली जाते. मग भर दुपारी, ऊन माथ्यावर असताना, पाच-सहा तासांच्या ड्रायव्हिंगनंतर सगळे तिथे पोचतात, कठड्याशी उभं राहून चार फोटो काढतात आणि संध्याकाळच्या मुक्कामाच्या घाईत परत गाडीत बसतात. माझं स्पष्ट मत आहे की असं जायचं असेल तर जाऊ नये. ते लाल सुळके सकाळी आणि संध्याकाळी बघायचे असतात, आणि त्यासाठी तिथे रात्री झोपावं लागतं. दोन रात्री देता येत असतील तर ही सहल करावी. नसतील तर ग्रँड कॅन्यनलाच एक दिवस जास्त राहावं, सगळे सुखी होतील.

खाली जी आखणी दिली आहे ती फीनिक्सहून निघणाऱ्या, साठी-सत्तरीचे आजी-आजोबा आणि शाळकरी मुलं बरोबर असलेल्या कुटुंबाला धरून आहे. व्हेगास, डेन्व्हर किंवा अल्बुकर्कीहून येणाऱ्यांनी पहिला आणि शेवटचा दिवस तेवढा बदलावा.

आधी, आपण कुणाकडे चाललोय?

ही माहिती आखणीतच येते, कारण निम्मे नियम यातून निघतात. नावाहो नेशन हा अमेरिकेतला सर्वांत मोठा आदिवासी राखीव प्रदेश. अॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत मिळून सुमारे ७०,००० चौरस किलोमीटर पसरलेला. त्यांचं स्वतःचं सरकार आहे, अध्यक्ष आहे, विधिमंडळ, पोलीस आणि न्यायालयं आहेत. राजधानी विंडो रॉक. हे लोक स्वतःला 'दिने' म्हणवतात.

१८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने त्यांची शेतं आणि फळझाडं उद्ध्वस्त करून हजारो माणसांना तीनशेहून अधिक मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेलं. वाटेत आणि छावणीत कितीतरी जण मेले. चार वर्षांनी, १८६८ च्या तहानंतर, उरलेले लोक परत आपल्या भूमीवर आले. स्वतःच्याच मुलखात परतायचा हक्क तहात लिहून घेतलेली ही माणसं आहेत, त्यामुळे 'पाटी नाही म्हणजे कुठेही शिरा' हा आपला पर्यटकी हिशेब इथे चालत नाही. ज्या खडकामागे फोटोसाठी जावंसं वाटतं तिथे बहुधा कुणाची तरी चराऊ जमीन असते, पलीकडे घरही असतं.

मॉन्युमेंट व्हॅली ट्रायबल पार्क १९५८ पासून नावाहो सरकार चालवतं. ते अमेरिकेचं राष्ट्रीय उद्यान नाही, त्यामुळे तुमचा 'अमेरिका द ब्यूटिफुल' वार्षिक पास इथे चालणार नाही. प्रवेशशुल्क माणशी, दिवसाला ८ डॉलर. शुल्क आणि वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात नावाहो पार्क विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर एकदा नजर टाका.

पायरी १: महिना

आई-बाबा भारतातून येतात ते मुख्यतः एप्रिल ते सप्टेंबर, कारण थंडी नको असते. नेमका त्यातला मधला काळ इथे गैरसोयीचा आहे. जून-जुलैत पारा ३५ अंशांच्या पुढे जातो आणि सावली म्हणून काही नसतं. जुलै ते सप्टेंबर इथला पावसाळा. रोज पडेलच असं नाही, पण दुपारनंतर ढग दाटून अर्ध्या तासात धो-धो कोसळतो, कोरडे ओढे भरून वाहतात आणि कच्चे रस्ते बंद होतात. फोटोला मात्र हा काळ झकास.

माझी पसंती एप्रिलचा शेवट ते मेअखेर, किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. वसंतात वारा सुटतो आणि लाल धूळ दाताखाली कचकचते, एवढं धरून चला. पावसाळा ओसरल्यावर हवा स्वच्छ असते, म्हणून दोन्हींतून एक निवडायचं तर मी ऑक्टोबर निवडेन. हिवाळ्यात लाल खडकांवर बर्फ फार देखणा दिसतो, पण रात्रीचं तापमान शून्याखाली जातं आणि दिवस लहान. थँक्सगिव्हिंग, ख्रिसमस आणि १ जानेवारी या दिवशी पार्क बंद असतो. नाताळच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.

हा वाळवंटी प्रदेश असला तरी समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांच्या वर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही उंच. त्यामुळे मे महिन्यातसुद्धा पहाटे आजींना शाल लागते.

पायरी २: बुकिंग उलट्या क्रमाने

आपण आधी विमानाची तिकिटं काढतो, मग हॉटेल, मग फिरणं. इथे क्रम उलटा ठेवा. सर्वांत आधी दरीतल्या दोन रात्रींची खोली, मग वाटेतल्या अँटिलोप कॅन्यन या अरुंद घळीच्या टूरची वेळ, मग बाकी सगळं.

पार्कच्या आत एकच हॉटेल आहे, 'द व्ह्यू'. २००८ साली सुरू झालेलं आणि नावाहो मालकीचं. त्याच्या पूर्वेकडच्या खोल्यांच्या बाल्कनीसमोर वेस्ट मिटन, ईस्ट मिटन आणि मेरिक ब्यूट हे तीन प्रसिद्ध सुळके थेट उभे असतात. खोली साधीच असते, पैसे बाल्कनीचे. चांगल्या हंगामात चार-सहा महिने आधी खोल्या भरतात. गुडघेदुखी असलेल्या माणसासाठी मी हे पैसे खुशाल मोजेन, कारण सूर्योदय बघायला त्यांना कुठेच जावं लागत नाही. पहाटे साडेपाचला सगळ्यांना उठवून, आवरून गाडीत कोंबण्याचा कार्यक्रम आपोआप टळतो.

तिथे जागा नसेल तर काही मैलांवर युटाच्या हद्दीत गोल्डिंग्ज लॉज आहे. १९२० च्या दशकात हॅरी गोल्डिंग आणि त्याच्या बायकोने इथे व्यापारी ठाणं थाटलं. पुढे त्याच्याच खटपटीने जॉन फोर्ड हा दिग्दर्शक इथे चित्रीकरणाला आला आणि ही दरी जगभर पोचली. लॉजला किराणा दुकान आणि गॅस स्टेशन आहे, ही सोय मुलं बरोबर असताना मोठी वाटते. तिसरा पर्याय कायेंटा गाव, गाडीने अर्ध्या तासावर. तिथली हॉटेलं नेहमीच्या साखळ्यांची, दर थोडे कमी, पण पहाट हातची जाते.

पायरी ३: रस्ता आणि मुक्काम

पहिला दिवस फीनिक्स ते अँटिलोप कॅन्यनजवळचं पेज गाव, सुमारे २७५ मैल. फ्लॅगस्टाफला जेवण, पुढे कॅमेरॉन ट्रेडिंग पोस्टला पाय मोकळे करायला थांबा. १९१६ पासूनचं व्यापारी ठाणं आहे, स्वच्छतागृह चांगलं, आत कलाकुसर बघण्यासारखी. संध्याकाळी पेजला पोचून हॉर्सशू बेंड, म्हणजे कोलोरॅडो नदीचं घोड्याच्या नालेसारखं वळण, उरका. पार्किंगचे पैसे पेज शहर घेतं. जाऊन-येऊन दीड मैल चालणं आहे, वाट चांगली बांधलेली आहे, पण परतताना चढ लागतो. कड्यावर कठडा थोड्याच भागात आहे. बाकी सगळीकडे सरळ हजार फूट खोल. धावरी मुलं असतील तर त्यांचा हात एका मोठ्या माणसाकडे ठरवून द्या, 'सगळेच बघतायत' म्हणजे कुणीच बघत नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अँटिलोप कॅन्यन, मग सव्वाशे मैल गाडी हाकत मॉन्युमेंट व्हॅली. तिसरा दिवस अख्खा दरीत. चौथ्या दिवशी परत. दोन वाटा आहेत, त्याबद्दल शेवटी.

व्हेगासहून येणाऱ्यांना पेज साधारण साडेचार तास. ग्रँड कॅन्यनच्या साउथ रिमहून निघालात तर पेजला अडीच तासांत पोचता. डेन्व्हर किंवा मोआबकडून येणाऱ्यांनी हाच क्रम उलटा फिरवावा.

पायरी ४: घड्याळ

या सहलीत सर्वाधिक बुकिंग इथे बुडतात, म्हणून हे वेगळं लिहितो. अॅरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही. नावाहो नेशन मात्र करतं, अॅरिझोनातल्या भागातसुद्धा. आणि नावाहो नेशनच्या पोटात हॉपी लोकांचा जो प्रदेश आहे तो पुन्हा करत नाही. म्हणजे मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत पेजमध्ये सकाळचे नऊ वाजलेले असताना मॉन्युमेंट व्हॅलीत दहा वाजलेले असतात. फोन कुठल्या टॉवरला लागला त्यानुसार तासभर पुढे-मागे उड्या मारतो, आणि पेजच्या आसपास तर एकाच गाडीतल्या दोन फोनवर दोन वेळा दिसतात.

तेव्हा फोनमधली आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद करा, पेज सोडेपर्यंत फीनिक्सची वेळ ठेवा आणि कायेंटाकडे वळलात की डेन्व्हरची वेळ हाताने लावा. आजोबांच्या मनगटावरचं काट्यांचं घड्याळ या चार दिवसांत घरातल्या सगळ्या स्मार्टफोनपेक्षा भरवशाचं ठरतं. अँटिलोप कॅन्यनच्या टूर साधारणतः पेजच्या वेळेने चालतात, तरी बुकिंगच्या ईमेलमध्ये कोणती वेळ धरली आहे ते वाचा. पेजहून दरीकडे जाताना एक तास हरवतो, तो दुपारच्या टूरच्या हिशेबात धरा. नोव्हेंबर ते मार्च ही कटकट नसते.

पायरी ५: अँटिलोप कॅन्यन, वरचा की खालचा

पाण्याने वाळूखडक कोरत तयार केलेली ही अरुंद घळ. भिंती लाटांसारख्या वळलेल्या, वरच्या फटीतून प्रकाश झिरपतो. दिने गाईडशिवाय इथे प्रवेश नाही, आणि त्यामागे कारण आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी कित्येक मैल लांब झालेल्या पावसाचं पाणी अचानक लोअर कॅन्यनमध्ये शिरलं आणि ११ पर्यटक वाहून गेले. घळीवर तेव्हा आभाळ कोसळत नव्हतं. म्हणून गाईड कंपनीने पावसाच्या अंदाजावरून टूर रद्द केली तर हुज्जत घालू नका. जुलै-ऑगस्टमध्ये शक्यतो सकाळची वेळ घ्या, कारण वादळं दुपारनंतर येतात.

अप्पर कॅन्यनची जमीन सपाट, वाळूची. मार्च ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत मध्यान्हीच्या सुमारास इथे प्रकाशाचे ते प्रसिद्ध झोत पडतात, त्या वेळांचे दर सर्वाधिक आणि गर्दी प्रचंड. आता बाहेर पडल्यावर परतीसाठी वरून लोखंडी मार्ग आणि पायऱ्या आहेत, तेव्हा 'सपाट आहे' एवढ्यावर विसंबून व्हीलचेअर नेऊ नका, बुकिंग करताना विचारून घ्या. लोअर कॅन्यनमध्ये उभ्या लोखंडी जिन्यांनी खाली उतरायचं, अरुंद फटींतून अंग चोरत चालायचं. दहा-बारा वर्षांच्या मुलांना तोच जास्त आवडतो. गुडघे, चक्कर किंवा बंद जागेची भीती यांपैकी काही असेल तर तो नको.

घरात दोन तट पडले तर सरळ फूट पाडा: बाबा आणि मुलं लोअरला, आई आणि आजी-आजोबा अप्परला. एकत्र राहण्याच्या हट्टापायी आजींना जिन्यावर अडकवण्यात काही अर्थ नाही.

कुठल्याही टूरवर बॅग नेऊ देत नाहीत. सॅक, पर्स, कमरेचा पाऊच, ट्रायपॉड, सेल्फी स्टिक सगळं गाडीतच राहतं. पाण्याची बाटली आणि फोन एवढंच हातात. त्यामुळे गोळ्या, रुमाल खिशात जातील असे कपडे घाला. साडी किंवा खिसे नसलेल्या पंजाबी ड्रेसची इथे पंचाईत होते. घळीत स्वच्छतागृह नाही. बुकिंगच्या दरात नावाहो परमिट धरलं आहे की वेगळं, हेही आधी तपासा. चौघांचे मिळून काही शेकडो डॉलर होतात, आणि चार दिवसांतला हॉटेलखालोखालचा मोठा खर्च हाच.

पायरी ६: दरीतला दिवस

दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलात की काही करू नका. चहा घ्या, बाल्कनीत किंवा व्हिजिटर सेंटरच्या गच्चीवर बसा. संध्याकाळचं ऊन पश्चिमेकडून थेट सुळक्यांवर पडतं, तासाभरात रंग विटकरीपासून शेंदरी आणि मग जांभळट होत जातो. सकाळी उलट: सूर्य सुळक्यांमागून वर येतो आणि त्यांच्या काळ्या आकृत्या दिसतात. मार्चच्या अखेरीस आणि सप्टेंबरच्या मध्याला मावळताना एका मिटनची सावली नेमकी दुसऱ्या मिटनवर पडते; ते बघायला छायाचित्रकारांची झुंबड उडते, तेव्हा या तारखांना खोली मिळणं आणखी अवघड.

मुलं विचारतातच की हे असं कसं झालं, म्हणून थोडक्यात. तळाशी उताराचा थर आहे तो मऊ शेलचा, ऑर्गन रॉक नावाचा. त्यावर उभी भिंत डी शे वाळूखडकाची, एके काळच्या वाळूच्या टेकड्यांची. माथ्यावर कठीण थराची टोपी. खालचा मऊ थर झिजतो, वरच्या भिंतीचा आधार जातो आणि तिचे उभे तुकडे कोसळतात, म्हणून कडा सुरीने कापल्यासारख्या राहतात. लाल रंग लोखंडाच्या गंजाचा. काही सुळके जमिनीपासून हजार फूट उंच आहेत.

आत फिरायचे मार्ग दोन. व्हिजिटर सेंटरपासून खाली उतरणारा १७ मैलांचा कच्चा रस्ता आपल्या गाडीने फिरता येतो. सुरुवातीचा उतारच सर्वांत खडबडीत आहे. कोरड्या दिवसांत लोक साध्या सेडान घेऊन जातात, तरी उंच तळाची एसयूव्ही बरी. भाड्याच्या गाडीचा करार आधी वाचा. बहुतेक कंपन्या कच्च्या रस्त्यावर विमा लागू करत नाहीत. आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) आणि मोटरसायकलला मनाई आहे. या रस्त्याचं फाटक सूर्यास्ताच्या बरंच आधी बंद होतं, म्हणून 'संध्याकाळी जाऊ' असं ठेवू नका.

दुसरा मार्ग दिने गाईडची टूर, आणि माझ्या मते पैसे इथेच खर्चावेत. रस्ता सोडून आत जाण्याची परवानगी फक्त त्यांना आहे. इअर ऑफ द विंड ही कमान, जुनी खडकचित्रं, किंवा कुणा आजीचं होगन, म्हणजे लाकूड-मातीचं, पूर्वेकडे दार असलेलं पारंपरिक घर, हे सगळं तिथेच दिसतं. टूर दीड तासापासून पुढे कितीही लांब मिळतात. आजी-आजोबांबरोबर अडीच तासांची घ्या, सकाळची. गाड्या बहुतेक उघड्या ट्रकच्या असतात, बाकं कडक, हिसके जोरदार. पाठीचा त्रास असेल तर बंद गाडीची खासगी टूर मागा; महाग पडते, पण पाचजण असाल तर फरक सोसवतो. मागच्या बाकापेक्षा ड्रायव्हरमागच्या ओळीत हादरे कमी बसतात, तेव्हा वडीलधाऱ्यांना पुढे बसवा. धुळीसाठी प्रत्येकाला ओढणी किंवा मोठा रुमाल आणि गॉगल.

तरुण मंडळींसाठी वाइल्डकॅट ट्रेल आहे. वेस्ट मिटनला प्रदक्षिणा घालणारी तीन-चार मैलांची पायवाट, गाईडशिवाय चालता येणारी. सकाळी लवकर निघा, माणशी दोन लिटर पाणी घ्या. परतीचा शेवटचा चढ वाळूतून आहे.

आणि हो, टूरला निघण्याआधी सगळ्यांना व्हिजिटर सेंटरच्या स्वच्छतागृहात पाठवा. खाली धड सोय नाही.

खाणंपिणं

शाकाहारी कुटुंबांनी इथे रेस्टॉरंटच्या भरवशावर राहू नये. स्थानिक पदार्थांत मटण स्ट्यू आणि फ्राय ब्रेड मुख्य. फ्राय ब्रेड म्हणजे तळून फुगवलेली मैद्याची जाड पोळी. छावणीच्या काळात सरकारी शिध्यात मिळालेला मैदा आणि चरबी यांतून तो जन्मला, त्यामुळे इथल्या लोकांच्या मनात त्याची चव गोड आणि कडू दोन्ही आहे. तो कधी कधी डुकराच्या चरबीत तळतात. न खाणाऱ्यांनी आधी विचारावं. त्यावर राजमा, सॅलड, चीज घातलं की नावाहो टाको. राजम्यात बहुधा खिमा असतो, 'नुसते बीन्स' सांगितलं तर करून देतात. मधाबरोबरचा साधा फ्राय ब्रेड मुलं आवडीने खातात. निळ्या मक्याची खीर मिळाली तर आजींना जरूर द्या.

बाकी घरून न्या: दशम्या, थेपले, चिवडा, लाडू, नुसतं उकळतं पाणी घालून होणारे पोहे-उपम्याचे पुडे. बरोबर छोटी इलेक्ट्रिक किटली. फ्लॅगस्टाफ किंवा पेजला मोठं सुपरमार्केट आहे, तिथून दही, फळं आणि बर्फ भरून कूलर ठेवा. पाणी माणशी दिवसाला चार लिटर. कोरड्या हवेत घाम दिसत नाही आणि तहान कळत नाही. रक्तदाबाची पाणी काढणारी गोळी घेणाऱ्यांवर विशेष लक्ष ठेवा, आणि त्याबद्दल निघण्याआधी त्यांच्या डॉक्टरांशी बोला.

दारू नावाहो नेशनमध्ये विकायला, प्यायला आणि जवळ बाळगायलाही बंदी आहे. हॉटेलच्या खोलीतसुद्धा. कूलरमधली बिअर घरीच ठेवा.

कायेंटाच्या बर्गर किंगमध्ये मात्र अवश्य थांबा, खायला नव्हे. दुसऱ्या महायुद्धात नावाहो सैनिकांनी आपल्या भाषेतून जे सांकेतिक संदेश पाठवले त्याचं प्रदर्शन तिथे आहे. १९४२ मध्ये २९ तरुणांपासून सुरू झालेली ही संकेतभाषा जपान्यांना कधीच फोडता आली नाही, आणि १९६८ पर्यंत ती गुपितच ठेवली होती. सरकारी शाळांत ज्या मुलांना मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा होत होती, त्यांच्याच पिढीतली ही माणसं. आजोबा इथे बर्गरच्या रांगेपेक्षा जास्त वेळ काढतील.

गाडी, फोन, औषधं

पेट्रोल अर्ध्या टाकीखाली जाऊ देऊ नका. कॅमेरॉन, ट्यूबा सिटी, पेज, कायेंटा इथे भरा. नकाशे फोनमध्ये आधी उतरवून घ्या, मधले कित्येक मैल नेटवर्क नसतं. अंधार पडल्यावर गाडी चालवणं टाळा. कुंपण नसलेल्या रस्त्यांवर घोडे, गाई, मेंढ्या बिनधास्त उभ्या असतात आणि काळा घोडा रात्री दिसतच नाही.

मोठी रुग्णालयं लांब आहेत आणि रुग्णवाहिकेला वेळ लागतो. रोजच्या गोळ्या दोन ठिकाणी विभागून ठेवा, भारतातून आलेल्यांच्या प्रवासी विम्याचं कार्ड आणि पासपोर्टची प्रत गाडीत असू द्या. भारतातला परवाना घेऊन कुणी गाडी चालवणार असेल तर आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, वर्षभर चालतो.

वागणं आणि खरेदी

माणसांचे, घरांचे, मेंढ्या राखणाऱ्या मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत; होकार मिळाला तर थोडी बक्षिसी द्यायची पद्धत आहे. ड्रोन पूर्ण बंद. सुळक्यांवर चढणं बंद. मुलांच्या खिशात दगड, खापऱ्या, बाणाची टोकं येणार नाहीत हे पाहा. जुन्या भग्नावशेषांना हात लावू नका. दिने लोक स्वतः अशा जागांपासून लांब राहतात. गाईड एखादी गोष्ट सांगताना थांबला, 'ही हिवाळ्यातच सांगतात' म्हणाला, तर आग्रह करू नका, ते खरंच असतं. बोलताना मध्ये शांतता पडली तर ती भरून काढायची घाई नको. हे आपल्याला सर्वांत जड जातं.

रस्त्याकडेच्या फळ्यांवर चांदी-फिरोजाचे दागिने आणि मडकी मांडलेली असतात, बहुधा करणारी बाई किंवा तिची नात समोर बसलेली असते. रोख पैसे ठेवा. 'कमी करा की' म्हणण्याची आपली सवय इथे आवरा. भाव फार ताणून धरणं अपमानाचं वाटतं. गालिचे महाग असतात, हजारोंत जातात, कारण एकेक विणायला महिने लागतात. टू ग्रे हिल्स शैलीत लोकरीचे नैसर्गिक तपकिरी, करडे, काळे-पांढरे रंगच वापरतात. गनाडो शैली गडद लाल रंगावरून ओळखू येते. घ्यायचा नसला तरी हात लावून बघू द्या, आजींना विणीतलं जे दिसेल ते आपल्याला दिसणार नाही.

चौथा दिवस

थकलेले असाल तर पेजला न वळता सरळ वाटेने: कायेंटा, ट्यूबा सिटी, फ्लॅगस्टाफ, फीनिक्स, साधारण साडेपाच तास. उत्साह उरला असेल आणि एक रात्र वाढवता येत असेल तर चिनलीला जा, दोन तासांच्या आत. तिथला कॅन्यन डी शे १९३१ पासून राष्ट्रीय स्मारक आहे, पण जमीन सगळी दिने लोकांची, आणि दरीच्या तळाशी कुटुंबं अजून शेती करतात. प्रवेश विनामूल्य. साउथ रिमच्या डांबरी रस्त्याने एकेका सज्ज्यावर थांबत शेवटी स्पायडर रॉक हा साडेसातशे फुटांहून उंच जोडसुळका दिसतो. गाडीपासून फार चालावं लागत नाही, दोन तासांत होतं. सैन्याने जी पीचची झाडं तोडली ती याच दरीतली. खाली तळात उतरायचं तर पुन्हा गाईड लागतो.

तिथून खाली गनाडोला हबेल ट्रेडिंग पोस्ट, १८७८ पासून चालू असलेलं दुकान. लाकडी फळ्या कुरकुरतात आणि गालिच्यांची खोली बघण्यासारखी आहे. पुढे आंतरराज्य महामार्ग ४० लागला की घड्याळ पुन्हा एक तास मागे. विमान पकडायचं असेल तर हा मिळालेला तास हिशेबात धरू नका, भाड्याची गाडी धुऊन घ्यायला ठेवा. ती लाल धूळ दारांच्या खाचांत बसते, आणि 'गाडी कच्च्या रस्त्यावर नेली होती का?' हा प्रश्न काउंटरवर तिच्यामुळेच येतो.